दहाव्या कागदातलं रिकामं घर

तुळसीची वेबसाइट सहाव्यांदा बदलायची असं ठरलं, तेव्हा पंकजाने उरलेला मुरुक्कू एकदम तोंडात कोंबला आणि खुर्ची मागे सरकवून ती उभीच राहिली.

"मी चालले घरी. हे काही आज संपत नाही."

"पाचच मिनिटं गे! फक्त मागचा रंग."

"काल पण फक्त मागचा रंगच होता. आधी पांढरा होता, तो काळा केलास. काळ्यावर चांदण्या टाकल्यास. चांदण्या दिसेनात म्हणून दोन्ही बाजूंनी समया लावल्यास, त्याही लुकलुकणाऱ्या. आता देवळातली घंटा तेवढी राहिली."

तुळसीचे डोळे चमकले. "घंटा! पंकू, आवाजही टाकता येतो, माहितेय?"

"घंटा टाकलीस तर याद राख!" पलीकडच्या टेबलावरून चंद्रमौळी अण्णा ओरडले. "मघाशी एक गिऱ्हाईक तुझ्या समया पेटेपर्यंत खाली जाऊन कॉफी पिऊन वर आलं. आलं तरी एक समई बाकीच होती."

गिऱ्हाइकाला तुळसीच्या समयांशी काय घेणं? तर तुळसीने अण्णांच्या इंटरनेट सेंटरमधले चारही कॉम्प्युटर असे लावून ठेवले होते, की इंटरनेट सुरू केलं की आधी तिचंच पान उघडायचं. रेल्वेचं वेळापत्रक बघायला आलेला असो की अमेरिकेतल्या मुलाला पत्र लिहायला आलेला असो, आधी तुळसीच्या नक्षीतले मोर बघायचे आणि मग आपल्या कामाला लागायचं. पानाच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा होता, तो त्यामुळे सुसाट वाढायचा. त्यात निम्म्याहून जास्त पाहुणी तुळसी स्वतःच, पण आकडा वाढला की तिला व्हायचा तो आनंद खराच असायचा.

कुंभकोणमात महामहम तळ्याजवळ पितळी भांड्यांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर हे सेंटर. चंद्रमौळी अण्णांचा तिथे आधी फोनचा बूथ होता. नव्व्याण्णवच्या पोंगलला त्यांनी कॉम्प्युटर आणले, आणि दारावरची पाटी रंगवायला आपल्यातलीच पोरगी म्हणून तुळसीला बोलावलं. तुळसीने तमिळ आणि इंग्लिशमध्ये अशी काही झोकदार पाटी काढली, की भांडीवाल्याने पण आपली पाटी तिच्याकडूनच करून घेतली. मोबदला काय पाहिजे विचारल्यावर ती म्हणाली, "चाळीस तास." त्यातले एकतीस तिने पानाचे कपडे बदलण्यात उडवले होते.

पण आता खेळ संपला होता. चेन्नईच्या एका डिझाइन कॉलेजात कापडावरच्या नक्षीचा अभ्यासक्रम होता, जागा फक्त बारा. अर्जावर लिहिलं होतं, स्वतःची दहा कामं पाठवा, पार्सलने पाठवा किंवा वेबसाइट असल्यास पत्ता द्या. तो "असल्यास" वाचून तुळसीची मान अशी काही ताठ झाली, की ती चार दिवस खाली आली नाही. पार्सल काय, सगळेच पाठवतील! शुक्रवारी, अठ्ठावीस मे रोजी, कॉलेजची समिती तिचं पान उघडणार होती. पान आवडलं तर मुलाखतीला चेन्नई. नाही आवडलं तर पंकजाशेजारी बसून कुंभकोणमात बी.कॉम. पंकजाच्या अम्माने तर दोघींसाठी एकसारख्या दोन छत्र्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. पंकजावर तुळसीचा जीव होता, पण त्या छत्रीकडे बघायचंही तिला नको व्हायचं.

आणि आज बुधवार होता.

तुळसी राहायची तिरुभुवनमला, टाउन बसने पंधरा-वीस मिनिटांवर. तिचे अप्पा, वासुदेवराव, तिथल्या विणकरांच्या एका सोसायटीसाठी साड्यांच्या काठापदराच्या नक्षी काढायचे. बारीक चौकटींचा कागद असायचा. त्यातलं एक घर म्हणजे एक धागा. घर भरलं की तिथे जरीचा धागा वर येणार, रिकामं ठेवलं की रेशीम दिसणार. त्या कागदावरून मग पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि पुठ्ठे मागावर चढतात. तुळसी सातवीत असल्यापासून अप्पांच्या शेजारी बसून घरं भरत होती, आणि गेल्या दोन वर्षांत तिच्या स्वतःच्या तीन नक्षी मागावर चढल्याही होत्या.

म्हणूनच चंद्रमौळी अण्णांनी तिला कॉम्प्युटरवर चित्र कसं काढायचं ते दाखवलं आणि चित्र मोठं करत करत पडद्यावर चौकटी उमटल्या, तेव्हा ती खुर्चीतच उडाली. "अय्यो! हा तर अप्पांचा कागद!" बाकीची मुलं उंदीर हातात धरून एक सरळ रेघ काढता काढता घामाघूम व्हायची. तुळसी मात्र टिक टिक टिक करत अशी घरं भरायची, जणू शेंगा सोलतेय. स्वतःच्या दहा नक्षी तिने आठवणीतूनच पडद्यावर उतरवल्या. मोर, हंस, रुद्राक्षाची माळ, गोपुराच्या दातांचा काठ, पोपटांची जोडी. आणि दहावा होता याळी, देवळाच्या खांबावर असतो तो सोंडेचा सिंह.

आता अप्पांच्या घरात एक रीत होती. नक्षी पुरी झाली, की भरायचं एक घर मुद्दाम रिकामं सोडायचं. दृष्ट लागू नये म्हणून, असं अम्मा सांगायची. अप्पा काहीच सांगायचे नाहीत, नुसते सोडायचे, आणि त्यांच्या वडलांसारखंच नेहमी डावीकडून तिसऱ्या ओळीत. तुळसीला असं एका जागी बांधून घेणं जमायचं नाही. ती कधी मोराच्या तुऱ्यात सोडायची, कधी रुद्राक्षाच्या मण्यात, त्या दिवशी मनाला येईल तिथे. साडीत जरीचा एवढासा ठिपका कमी. नेसणारीला जन्मात पत्ता लागायचा नाही.

पडद्यावर मात्र लागत होता! चित्र मोठं केलं की ते रिकामं घर पडलेल्या दातासारखं दिसायचं. बुधवारी त्या काळ्या पार्श्वभूमीवर मोराकडे बघता बघता तुळसीला ते एकदम खुपलं.

"पंकू, हे बघ. समितीला वाटेल मी चुकले."

"मग काय करणार?"

"बुजवणार." आणि टिक.

एक बुजवल्यावर बाकीची नऊ बुजवायला कितीसा वेळ लागतो! शिवाय त्याच दिवशी तिला आणखी एक जादू सापडली. नक्षीचा अर्धा भाग उचलायचा, त्याची नक्कल करायची, ती उलटी फिरवायची आणि समोर चिकटवायची. डावा पोपट तोच उजवा पोपट, पिसाचा फरक नाही. हाताने काढलेले उजवे भाग तिने धडाधड पुसून टाकले. तासाभरात दहाही कामं घासलेल्या पितळी भांड्यांसारखी लखलखायला लागली.

"अप्पांना विचारलंस?" पंकजाने दारातून विचारलं.

"अप्पांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" असं तुळसी बोलून गेली. बोलल्यावर जीभ जराशी जड झाली, पण तोवर समया पेटायला लागल्या होत्या.

गुरुवारी ती घरात एका जागी बसली असेल तर शपथ. पाणी भरलं, भरलेलं ओतलं, पुन्हा भरलं. अम्मा म्हणाली, "काय गे, पायात भोवरा बांधलास काय?" संध्याकाळी अप्पा आपल्या उतरत्या मेजावर पेन्सिलीला टोक काढत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं काय तुझं ते पान?"

"साइट, अप्पा."

"तेच ते. झालं?"

"झालं."

"सोडलंस ना?"

काय सोडलंस ते त्यांना सांगावं लागलं नाही, आणि तिला विचारावं लागलं नाही. "हो हो," असं म्हणून तुळसी अंगणात पळाली आणि उगीचच वाळलेले कपडे पुन्हा पिळायला लागली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर पत्र आलं. ती आणि पंकजा एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या होत्या. पत्र इंग्लिशमधलं, कॉलेजच्या अलमेलू मॅडमचं. मतलब असा होता:

"तुमची दहाही कामं नेटकी आहेत. इतकी नेटकी, की तयार नक्षींच्या एखाद्या डिस्कवरून ती उतरवली असावीत असं समितीला वाटलं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत, हात कुठेच दिसत नाही. समिती सोमवारी सकाळी अकराला पुन्हा बसेल. कामं तुमचीच आहेत असं दाखवता येत असेल, तर तोपर्यंत पानावर दाखवा. ता.क. समया थांबवता आल्या तर फार बरं."

तुळसी दोनदा वाचून उठली, बसली आणि पुन्हा उठली.

"डिस्कवरून! मी? मी सातवीपासून घरं भरते! त्यांना म्हणावं या तिरुभुवनमला, दाखवते डिस्क!"

"ओरडू नकोस, त्यांना ऐकू जात नाही," चंद्रमौळी अण्णा म्हणाले. "मूळ कागद कुठे आहेत? ते पाठव की."

"सोसायटीच्या कपाटात."

"मग आण."

आण म्हणणं सोपं होतं. शनिवारी सकाळी सोसायटी उघडायच्या आधीच तुळसी पायरीवर जाऊन बसली. तिथल्या कारकुनाने तिला शांतपणे सांगितलं, की नक्षीच्या कपाटाची किल्ली सेक्रेटरी जानकीराम यांच्या कमरेला असते, जानकीराम मायिलाडुतुरैला भाचीच्या लग्नाला गेलेत, आणि जिथे जानकीरामांची कमर तिथे किल्ली. सोमवारी संध्याकाळी येतील.

"सोमवारी सकाळी नाही?"

"वरात कोण सोडून येतं?"

तुळसी घरी परतली ती रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जात, सरळ चालणंसुद्धा तिला जमत नव्हतं. वाटेत डोक्यात शंभर युक्त्या आल्या. नव्या समया नकोत, पण स्वतःचा फोटो टाकावा का? प्रशस्तिपत्रकं? शाळेच्या हेडमिस्ट्रेसचं पत्र? पान सातव्यांदा बदलायला तिची बोटं नुसती शिवशिवत होती. आणि प्रत्येक युक्तीच्या शेवटी ती त्याच दगडाला ठेचकाळत होती. हात दिसत नाही म्हणतात, कारण हात तिनेच पुसला होता.

अप्पा मेजावरच होते.

"अप्पा, मी बुजवली."

"काय?"

"घरं."

अप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली. "दहाही?"

"दहाही. आणि उजव्या बाजूही पुसल्या. नक्कल करून चिकटवल्या."

"आणि परवा मला हो म्हणालीस."

"म्हणाले."

डोक्यावर पंखा कुरकुरत होता. तुळसीला वाटलं आता रागावतील, आणि रागावले तर बरं, एकदाचं होऊन जाईल. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, "हात दिसत नाही" तिथे मान हलवली आणि विचारलं, "कुठली कुठली सोडली होतीस ते आठवतं तुला?"

"नाही ना! मनाला येईल तिथे सोडायचे मी. आणि बुजवताना टिक टिक करत सुटले, कुठलं ते बघितलंच नाही."

"हं. उद्या कुंभकोणमची पहिली बस किती वाजता गे?"

रविवारी सेंटर बंद असायचं. चंद्रमौळी अण्णांनी कुरकुरत उघडलं, पण वासुदेवराव जिना चढताना दिसल्यावर लुंगी सोडून धोतरासारखी पांढरी वेष्टी नेसून आले. अप्पांनी चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. पंकजा आधीच येऊन बसली होती, सोबत दहीभाताचा डबा.

तुळसीने पान उघडलं. चांदण्या आल्या. समया एकेक करून पेटल्या. अप्पा हात मांडीवर ठेवून सगळ्या पेटेपर्यंत थांबले.

"दिवाळी आहे काय?" ते म्हणाले.

पंकजा फिस्सकन हसली. तुळसीने कानापर्यंत लाल होऊन समया पुसल्या, चांदण्या पुसल्या, काळा पुसला. पान पहिल्या दिवशी होतं तसं पांढरं झालं. मग तिने मोर मोठा केला, चौकटी उमटल्या, आणि अप्पांनी पुढे वाकून बोट थेट काचेला लावलं. चट्ट!

"राव, काचेला बोट नका लावू, झटका बसतो," अण्णा म्हणाले.

"बोट लावल्याशिवाय मला मोजता येत नाही, चंद्रमौळी." बोट तुऱ्यावरून सरकलं. "वरून चौथी ओळ. पाचवं घर. हे रिकामं होतं."

तुळसी वळून बघतच राहिली. "तुम्हाला कसं आठवतं?"

"कागद सोसायटीत जाण्याआधी मी बघायचो. तू कुठे सोडलंस ते." अप्पा जरासे संकोचले. "त्यावरून कळायचं, त्या दिवशी तुझं डोकं कुठे होतं ते. हा मोर तुझ्या वाढदिवसाचा. नवी रिबीन आणली होती, म्हणून तुऱ्यात."

"आणि हंस?"

"खाली, अगदी कोपऱ्यात. गणिताच्या पेपरच्या आदला दिवस. कुठेतरी सोडायचं म्हणून सोडलंस आणि पळालीस."

"रुद्राक्ष?"

"सातवा मणी, मधोमध. पंकजाशी भांडण झालं होतं. सहा मणी पुन्हा पुन्हा खोडलेस, सातव्यावर शांत झालीस."

"कुठलं भांडण?" पंकजाने डबा खाली ठेवला. "सायकलचं? चूक तिचीच होती, अप्पा."

"कागदावर तसं काही दिसलं नाही," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

तुळसीच्या गुडघ्याचं नाचणं त्या सकाळी पहिल्यांदा थांबलं. इतकी वर्षं तिला वाटायचं अप्पा फक्त धागे मोजतात. तिने एकेक घर रिकामं केलं, आणि प्रत्येक नक्षीखाली चार ओळी लिहिल्या. आमच्या घरी नक्षीत एक घर रिकामं सोडतात. ह्यात ते इथे आहे. त्या दिवशी असं असं झालं होतं. हेडमिस्ट्रेसचं पत्र नाही, प्रशस्तिपत्रक नाही, एवढंच.

मग चिकटवलेल्या उजव्या बाजू. त्या सगळ्या पुसून तिने पुन्हा हाताने भरायला घेतल्या. उजवा पोपट डाव्यापेक्षा जरा जाडच झाला, जसा मूळ कागदावर होता. मध्ये वीज गेली, तासाभराने आली. फोनची लाइन दोनदा तुटली. पंकजाने तिला घास भरवले, कारण तिचा उजवा हात उंदरावरून सुटत नव्हता. दुपारी तीनला तिचे चाळीस तास संपले. अण्णांनी वही बघितली, मिटली, आणि म्हणाले, "पाटीला दुसरा हात मारायचा राहिलाय ना? त्यात धरू."

नऊ झाल्या. उरला याळी.

"हा मी बघितलेलाच नाही," अप्पा म्हणाले.

खरंच होतं. एप्रिलमध्ये अप्पा आठ दिवस तापाने झोपले होते, तेव्हा तुळसीने तो एकटीने काढला होता आणि परस्पर सोसायटीत देऊन आली होती. तिने डोळे मिटले, उघडले, वेणी ओढली, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून परत आली. काही केल्या आठवेना.

"अगं टाक की कुठेही एक," पंकजा म्हणाली. "चेन्नईला बसून कोणाला कळणार?"

तुळसीने याळीच्या डोळ्यातलं एक घर रिकामं केलं. आणि काय सांगावं! याळी जिवंत झाला. असा रोखून बघायला लागला की चंद्रमौळी अण्णाही "ओहो" म्हणाले. हे सगळ्यांत सुंदर दिसत होतं. खाली लिहायला गोष्टही सुचली, अप्पांच्या तापाची, जागरणाची, डोळ्यांची. बोटं कळांवर टेकली.

तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा पंख्याकडे बघत होते, जणू तो पंखा त्यांना विकत घ्यायचा होता.

"नाही," तुळसी म्हणाली. "डोळ्यात सोडलं असतं तर मला आठवलं असतं." आणि टिक. डोळा भरला. खाली तिने लिहिलं, "ह्या नक्षीतही एक घर रिकामं होतं. तुमच्यासाठी पान सुंदर करताना मी ते बुजवलं. कुठे होतं ते आता मला आठवत नाही. मूळ कागद सोमवारी संध्याकाळपर्यंत कुलपात आहे."

पाच वाजता पान चढलं. समया नव्हत्या, म्हणून ते फटदिशी उघडलं. तळाशी पाहुण्यांचा आकडा होता, चारशे अठरा. तुळसीने चारही कॉम्प्युटरवरून आपलं पान पहिल्यांदा उघडायची व्यवस्था काढून टाकली आणि जाहीर केलं, "उद्या मी हात लावणार नाही. आकडा वाढला तर तो खरा."

सोमवारी अकरा वाजता हात न लावणं म्हणजे काय, ते पंकजाला विचारा. तिने तुळसीची वेणी मनगटाला गुंडाळली होती. दोघींनी महामहम तळ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, भर उन्हात, त्या एकसारख्या छत्र्या घेऊन. अकरा वाजले. सव्वाअकरा.

"आता एकदाच. नुसतं डोकावून."

"नाही."

"मग जिन्यापर्यंत."

"नाही गे!"

साडेबाराला चंद्रमौळी अण्णा स्वतःच माडीच्या खिडकीत आले आणि त्यांनी हाताने बोलावलं. तुळसी जिना चढली की उडाली, सांगता येत नाही. वेणीचा हिसका बसल्यामुळे पंकजाही मागोमाग वर आली.

आकडा होता चारशे तेवीस.

"पाच!" तुळसी किंचाळली. "पाच माणसं, आणि त्यात मी नाही!"

"त्यात एक मी," अण्णा म्हणाले. "राहवलं नाही. पण चार चेन्नईचे. पत्र बघ."

"समितीतले आम्ही चौघं," अलमेलू मॅडमनी लिहिलं होतं, "अर्धा तास तुमच्या याळीतलं ते घर शोधत बसलो. चौघांची चार मतं झाली. दहा जूनला सकाळी दहा वाजता मुलाखतीला या. येताना तो दहावा कागद आणा. आम्हाला बघायचंय कोण बरोबर आहे."

तुळसीने पंकजाला मिठी मारली, मग अण्णांच्या पाया पडली, मग पुन्हा पंकजाला मिठी मारली. पंकजा रडत होती आणि म्हणत होती, "छत्री तू घेऊन जा, मेले. चेन्नईला पण ऊन असतं."

संध्याकाळी जानकीराम बसमधून उतरले ते लग्नाच्या नारळाची पिशवी घेऊन, आणि स्टॉपवर तुळसी उभीच. "अगं, हातपाय तरी धुऊ दे!" पण ती त्यांना तशीच सोसायटीकडे घेऊन गेली. कपाट उघडलं. याळीचा कागद गुंडाळी करून दोऱ्याने बांधलेला, खालून दुसऱ्या कप्प्यात होता.

घरी आल्यावर तिने दोऱ्याला हात घातला आणि थांबली. अप्पा मेजावर बसले होते, कानावर पेन्सिल. हा एकच कागद त्यांनी बघितलेला नव्हता.

"तुम्ही आधी बघा," ती म्हणाली.

अप्पांनी गुंडाळी सोडली, दोन्ही टोकांवर चुन्याची डबी आणि चष्म्याचं घर ठेवलं, आणि वाकले. बोट ओळीवरून निघालं. सोंड, आयाळ, छाती. तुळसी पाठमोरी उभी राहून डाव्या पायावरून उजव्या पायावर, उजव्यावरून डाव्यावर. डावीकडे एका ओळीत बोट थांबलं, आणि ते थांबल्याचं तिला न बघताही कळलं, कारण कागदाची सळसळ थांबली. अप्पा आणखी जवळ वाकले. मग त्यांनी नाक ओढलं, हसले, आणि कागद पुन्हा गुंडाळून दोऱ्याला घट्ट गाठ मारली.

"कुठे? अप्पा, कुठे होतं?"

"चेन्नईला बघ."

"अप्पा!"

"दहा दिवस तर आहेत."

"दहा दिवस!" तुळसी म्हणाली, आणि अंगणात जाऊन तिने भरलेली बादली ओतून पुन्हा भरायला घेतली.